ठरलेल्या गाईंचं भांडण

माजोकने मला फसवलं. हे आधीच स्पष्ट लिहून टाकतो, कारण पुढे मी त्याचं बरंच कौतुक करणार आहे आणि त्यातून कुणाचा गैरसमज व्हायला नको. मनामाच्या बाजारात आजवर भल्याभल्यांना मला गंडवता आलेलं नाही. इराणी थकले, मलबारी थकले, आमचे रत्नागिरीवालेही थकले. आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी कांद्याच्या भावावरून हुज्जत घातली नाही, त्या माणसाने मला घासाघिशीतच फसवलं. तेही माझ्या बायकोच्या देखत.

मी मूळचा रायगडचा, म्हसळ्याकडचा. बहरीनला आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पाइप उचलत होतो. आता मनामाच्या नईम भागात नळ, पाइप आणि बाथरूमच्या फिटिंगचं माझं स्वतःचं दुकान आहे. ते काही गोड बोलून झालेलं नाही. समोरच्याने भाव सांगितला की माझं डोकं आपोआप तापतं, आणि डोकं तापलं की मला सुचतं. अल्लाने प्रत्येकाला काहीतरी दिलेलं असतं, मला हे दिलं.

माजोक उम्म अल हस्सममध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. दक्षिण सुदानचा, नाईलच्या काठच्या गावचा. एका कार्गो कंपनीत सुपरवायझर. इतका उंच की आमच्या दारातून आत येताना तो आधी वाकायचा आणि मग सलाम करायचा, त्यामुळे तो दाराला सलाम करतोय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "मी माजोक. म्हणजे काळापांढरा बैल."

मी बायकोकडे, सलमाकडे, बघितलं. ती तोंडात पदर कोंबून आत पळाली. स्वतःची ओळख बैल म्हणून करून देणारा माणूस कोकणात जन्माला यायचा आहे.

पण त्याच्या लोकांत, म्हणजे डिंकांत, बैलाच्या नावाने हाक मारणं हा मान असतो. प्रत्येक रंगाच्या बैलाला वेगळं नाव, आणि ते नाव माणसाला. हे मला नंतर कळलं. आधी काय झालं, तर आठवडाभरातच तो माझ्या दुकानात आला. त्या वेळी मी एका ठेकेदाराशी कमोडच्या भावावरून भांडत होतो. माजोक कोपऱ्यात उभा राहून डोळे बारीक करून ऐकत राहिला. ठेकेदार हात टेकून गेला, तसा हा पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तू मालुआल आहेस. तांबडा बैल."

मी त्याला दुकानाबाहेर काढला. संध्याकाळी तो केळ्यांचा घड घेऊन घरी आला आणि सलमाला त्याने तासभर बैल समजावून सांगितले. तांबडा बैल म्हणजे कळपाच्या पुढे चालणारा, पाण्यात पहिला उतरणारा. सलमा म्हणाली, "त्यांना एवढं चांगलं आजपर्यंत कुणी म्हटलं नाही, भाऊ." तेव्हापासून त्या मजल्यावर मी मालुआल. माझी मुलगी, जी मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, तीसुद्धा रागावली की मला मालुआल म्हणते.

आमची आपसातली भाषा म्हणजे खिचडी होती. त्याची जुबाची, म्हणजे त्यांच्या राजधानीची, अरबी, माझी बाजारातली अरबी, थोडं इंग्रजी आणि जिथे अडेल तिथे हात. तरी कधी काही अडलं नाही. तो बोलायचा हळू आणि कमी, आणि एखादं वाक्य असं टाकायचा की ते दिवसभर डोक्यात फिरत राहायचं.

त्याच्या देशातलं युद्ध त्याने मला एकदाच सांगितलं, तेही चहा गार होण्याच्या आत. देश नवा होता. वर बसलेल्या दोन मोठ्या माणसांचं फाटलं आणि खाली माणसं मरायला लागली. एकाच्या मागे डिंका उभे केले, दुसऱ्याच्या मागे नुएर. माजोकचे वडील गेले, दोन मोठे भाऊ गेले. मग करार झाला. दोघांनी हात मिळवले, फोटो निघाले. दोन फौजांची मिळून एक फौज होईल, रस्ते मोकळे होतील, असं ठरलं. ते अजून व्हायचंच आहे.

"म्हणजे आता शांतता आहे की नाही?" मी विचारलं. मला व्यवहारात हो किंवा नाही लागतं.

"शांतता आली आहे," तो म्हणाला. "पण अजून बसलेली नाही. दारात उभी आहे."

हे मला फार आवडलं. मग सकाळी लिफ्टपाशी भेटला की मी विचारायचो, "काय, बसली का?" तो गावाकडचे मेसेज वाचून उत्तर द्यायचा. "उभीच आहे, पण चपला काढल्यात." कधी, "आज पाणी मागितलं तिने." कधी नुसता मान हलवायचा आणि म्हणायचा, "परत चपला शोधतेय." असं म्हणाला की मी पुढे विचारायचो नाही. संध्याकाळी सलमा त्याच्याकडे मच्छीचं सार पाठवायची आणि तो भांडं परत देताना त्यात हटकून काहीतरी घालून द्यायचा. रिकामं भांडं परत केलं तर गाय आटते, असं त्यांच्याकडे मानतात म्हणे. आमच्याकडेही रिकामं भांडं परत देत नाहीत, हे ऐकून त्याला इतका आनंद झाला की जणू नातंच निघालं.

शुक्रवारी मी त्याला गाडीतून बुदैयाला न्यायचो. हायवेच्या आतल्या बाजूला एक जुनी वाडी आहे. खजुराची झाडं, थोडी भाजी, आणि गोठ्यात दुभत्या गाई. मी भाजीसाठी जायचो, तो गाईंसाठी. त्यात एक काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय होती. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा तो जो थबकला, तो हललाच नाही. अगदी त्याच्या नावाचा रंग. मग त्याने गाणं सुरू केलं. मोठ्याने, छाती भरून. त्यात त्या गाईच्या शिंगांचं वर्णन होतं, तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या डागाची तुलना पाण्यातल्या चंद्राशी होती, असं त्याने नंतर सांगितलं. गाईने चारा खायचं थांबवलं. वाडीचा मालक, म्हातारा बहरीनी, सोटा टेकत आला. मला वाटलं, आता हाकलणार. त्याने विचारलं, "हा रोज येईल का? आज हिने पाय झाडले नाहीत."

पुढे वाडीच्या मालकाने त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवली. मी टोमॅटोच्या भावावरून शेजारच्या वाडीत घसा कोरडा करून परत यायचो, तर हा खुर्चीत बसून फुकट दूध पीत असायचा. वर मला विचारायचा, "किती सुटले?" मी सांगितलं की म्हणायचा, "शाबास, मालुआल," आणि ग्लासातलं उरलेलं दूध मला द्यायचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

माजोकचं लग्न ठरत होतं. मुलगी न्याडेंग, जुबात नर्स. आणि नुएर. म्हणजे ज्यांनी याचे भाऊ मारले त्या बाजूची. आणि याच्या बाजूने तिचा भाऊ मारला होता. दोघांची ओळख निर्वासितांच्या छावणीत झाली होती. ती जखमा बांधत होती आणि हा गोण्या उतरवत होता. याहून जास्त त्याने मला सांगितलं नाही, आणि सलमाने जे काढून घेतलं ते तिने मला सांगितलं नाही.

त्यांच्याकडे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना गाई द्यायच्या असतात. त्या गाईंवरून दोन्ही घरची मोठी माणसं समोरासमोर बसून बोलणी करतात. आकडा मोठ्याने बोलत नाहीत, एकेका जनावराचा रंग आणि शिंगं सांगून बोलतात. नवऱ्या मुलाने त्यात तोंड उघडायचं नसतं. त्याच्या बाजूने बोलायला भाऊ लागतात. माजोकच्या बाजूने उरला होता एक काका, आणि तो इतका सौम्य की समोरच्याने जांभई दिली तरी माफी मागेल.

"तू बोल," माजोक मला म्हणाला. "फोनवरून. तू डिंका नाहीस, नुएर नाहीस. तुझ्याकडून कुणाचं कुणी मेलेलं नाही. तुझ्यावर कुणी रागावलं तरी त्याला जुनं काही आठवणार नाही."

मला गाईंतलं काही कळत नाही, असं मी म्हणालो. तो म्हणाला, तुला भांडणातलं कळतं.

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. फोन टेबलावर, स्पीकर चालू. तिकडे जुबात झाडाखाली दोन्ही घरची माणसं बसलेली. मुलीच्या बाजूने तिचा मामा बोलत होता. आवाजावरूनच कळलं की हा माझ्या तोलाचा आहे. इकडे मी. सलमा आणि मुलगी स्वयंपाकघराच्या दारात. माजोक कोपऱ्यात, दोन्ही हात तोंडावर ठेवून, फक्त भुवया हलवत.

मामाने एकेक गाय सांगायला सुरुवात केली. मी प्रत्येक गाय अडवली. हिचं वय काय? दूध किती देते? शिंग वाकडं आहे म्हणता, मग ती धरली कशाला? गाव तिकडे, जुबा इकडे, मधे नदी, मग जनावर हाकत आणायचा त्रास कुणाचा? मामा म्हणाला, मुलगी शिकलेली आहे, शिकलेल्या मुलीच्या गाई वाढतात. मी म्हणालो, शिकलेल्या मुलीला नवऱ्याची पारख असते, म्हणजे निम्मं तुम्हाला तिथेच मिळालं. मी अजून पुढे जाणार होतो, पण दारातून सलमा ओरडली, "पोरीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. काय ते गाईंबद्दल बोला."

मामाने विचारलं, ही कोण?

"माझी बायको."

"तिच्यासाठी तू किती गाई दिल्यास?"

"एकही नाही."

तिकडे झाडाखाली कुजबुज झाली. मग मामा अगदी काळजीने म्हणाला, "एकही नाही? मग ती अजून तुझ्या घरात कशी?"

तिकडे हसण्याचा असा स्फोट झाला की फोन टेबलावर थरथरला. इकडे सलमा भिंतीला टेकून हसत होती. माझं डोकं तापलं. आणि मगाशी सांगितलं तसं, डोकं तापलं की मला सुचतं. पुढचा अर्धा तास मी जे बोललो ते मला स्वतःला पुन्हा जमणार नाही. तपकिरी कालवडीपर्यंत आम्ही आलो होतो. ती मी सोडवणारच होतो, इतक्यात फोनमधून लांबून टक टक असा आवाज आला. लाकडावर हातोडी मारावी तसा.

माजोकने तोंडावरचे हात काढले. सलमाने मुलीचा दंड धरला. फोनमधून फक्त एक कोंबडी ऐकू येत होती.

मग मामाचा आवाज आला. "लांब आहे. आपलं नाही." जरा थांबून म्हणाला, "इंडियन, आहेस का? तपकिरी कालवडीचं काय म्हणत होतास?"

मी म्हणालो, "ती सोडा."

"सोडली," मामा म्हणाला. "तुझ्या बायकोसाठी. बिचारीला काहीच मिळालं नव्हतं."

एकूण गाईंतला निदान तिसरा हिस्सा मी कमी करून घेतला. शेवटी तिकडे दोन्ही बाजूची माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, कुणीतरी गायला लागलं होतं, आणि माजोकचा तो सौम्य काका मोठ्याने मामाला सांगत होता की तुझ्या तोंडाला कुणाचं वारं लागलं आहे का, घटकाभर मिटत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुकानात मिठाई वाटली. नईममध्ये प्रत्येक दुकानदाराला मी तपकिरी कालवडीची गोष्ट सांगितली, काहींना दोनदा.

मग मामाचा मला फोन आला. स्वतःहून. आमची दोस्ती झाली होती. त्याला घरात नळ बसवायचे होते आणि बहरीनहून स्वस्तात मिळतील का, हे विचारायचं होतं. बोलता बोलता म्हणाला, "तू फार चांगला भांडलास. सगळं महिनाभर आधीच ठरलेलं असताना इतकं मनापासून भांडणारा माणूस मी बघितला नाही."

मी म्हणालो, काय ठरलेलं?

"गाई. माजोकने पहिल्याच दिवशी सगळ्या कबूल केल्या होत्या. त्या तपकिरीसकट."

मी समोरच्या फ्लॅटचं दार मुठीने वाजवलं. माजोक इस्त्री करत होता. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि माझं संपेपर्यंत उभा राहिला.

"मालुआल," तो म्हणाला, "गाई ठरल्या होत्या. भांडण व्हायचं राहिलं होतं."

"म्हणजे?"

"करार झाल्यापासून माझे काका आणि तिचे मामा एकमेकांशी फार गोड बोलायचे. हळू आवाजात. 'कसे आहात', 'ठीक आहे', बस. आमच्याकडे माणसं अशी हळू बोलायला लागली की बायका मुलांना घरात ओढून घेतात. ज्या दोन घरांना एकमेकांवर ओरडता येत नाही, त्यांच्यात मी मुलगी कशी आणू? त्यांना एकदा पोटभर भांडायचं होतं. ज्यात कुणी मरत नाही अशा गोष्टीवरून. आणि शेवटी हसायचं होतं. माझ्या बाजूला भांडणारे भाऊ उरले नाहीत. मग कुणाला आणू?"

"म्हणजे मी भाड्याचा भांडखोर?"

"भाडं कुठे दिलं?" तो म्हणाला.

मला हसू येत होतं, पण मी हसलो नाही. सौदा जिंकल्यासारखं दाखवून माणसाला हरवायचं, ही फसवणूकच आहे, आणि मी ते त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने मान्य केलं. "हो, फसवलं. भाऊ असतास तरी हेच केलं असतं." मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी सलमाने सार केलं आणि भांडं माझ्याच हातात देऊन मला समोर पाठवलं.

लग्नासाठी तो निघाला तेव्हा आम्ही तिघेही विमानतळावर गेलो. कंपनी सोडून, व्हिसा रद्द करून, कायमचा चालला होता. त्याची बॅग मी वजनकाट्यावर भांडून पार केली, कारण सलमाने न्याडेंगसाठी तिच्यात इतकं भरलं होतं की तिचा पट्टा तुटायला आला होता. आत जाताना त्याने मिठी मारली नाही, त्यांच्याकडे ती पद्धत नाही म्हणाला. तपासणीपाशी बूट काढून, पट्टा काढून, मोज्यांवर तो पलीकडे गेला. मग वळला. दोन्ही हात त्याने डोक्यावर उंच उचलले, कोपरं बाहेर, बोटं आत वळवलेली. तांबड्या बैलाची शिंगं. आणि त्या काचेपलीकडे, सगळ्या प्रवाशांमध्ये, मोज्यांवर उड्या मारत तो गायला लागला. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. एक शिपाई त्याच्याकडे निघाला, जवळ पोचला आणि उभा राहून बघतच राहिला. माझ्या मुलीने माझा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, ते तुमचं गाणं आहे." बूट हातात घेऊन, तसाच नाचत, तो गर्दीच्या वर डोकं काढून दिसेनासा झाला. तो मला दिसला तो शेवटचा.

लग्न झालं. मामाने मला व्हिडिओ पाठवला, त्यात मामाच सगळ्यात जास्त नाचतो आहे. पण अर्ध्याच गाई पोचल्या आहेत. उरलेल्या, त्या तपकिरी कालवडीसकट, नदीच्या पलीकडे, गावाच्या बाजूला अडकल्या आहेत. पुलाच्या एका टोकाला एका बाजूच्या बंदुका, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बाजूच्या. करारानुसार ही माणसं केव्हाच एका फौजेत जायला हवी होती. ती गेली नाहीत, कारण त्यांना कुणी नेलंच नाही. आणि सगळ्या गाई पोचल्याशिवाय मुलगी बापाचं घर सोडत नाही, हा त्यांचा रिवाज आहे. मामा उरलेल्या गाई सोडायला तयार आहे. माजोक तयार नाही. शब्द दिला आहे म्हणतो. म्हणून नवरा जुबाच्या एका टोकाला, नवरी दुसऱ्या टोकाला. तो रोज संध्याकाळी तिच्या अंगणात जाऊन बसतो आणि अंधार पडायच्या आत परत येतो, कारण अंधारात तो रस्ता कुणाचाच नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. हसतच असतो. मामा आणि काका मागे भांडत असतात, ते ऐकू येतं.

माजोकशी माझा हिशेब मी बघून घेईन. त्याने मला फसवलं, पण कबूल केलं त्यापेक्षा एक गाय कमी द्यायला तो तयार नाही. मला विचारायचं आहे ते करार करणाऱ्या त्या वरच्या दोघांना. नईमच्या बाजारात हात मिळवून माल न पोचवणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारतो. तुमच्यापर्यंत मला पोचता येत नाही, म्हणून इथे विचारतो. सही तुमची आहे. फोटोत हसताय तुम्ही. तर तुमच्यापैकी एकाने त्या अंगणात जावं, न्याडेंगच्या समोर उभं राहावं, आणि तो पूल कधी मोकळा होणार ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं.